अस्त्राची किंमत : विज्ञानकथेतील ऊर्जाशस्त्रे आणि संभाव्यतेचा प्रश्न

१

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे क्षेत्र मराठी वाचकाला दोन कारणांनी परिचित आहे. महाराष्ट्रातील परंपरा ज्याला बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवे मानते ते नागनाथाचे मंदिर येथे आहे, आणि नामदेव व विसोबा खेचर यांच्या भेटीची कथाही परंपरेने याच स्थानाशी जोडली आहे. आता या परिचयात तिसऱ्या कारणाची भर पडत आहे. याच तालुक्यातील दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा नियोजित आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली आणि ६ एप्रिल २०२३ रोजी सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. काटकोनात मांडलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या आणि त्यांतून धावणारा लेसरचा किरण, असे तिचे मुख्य स्वरूप असेल. या प्रकल्पात पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेचा मोठा वाटा आहे. आणि ‘आयुका’चे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर (निधन : २० मे २०२५) हे मराठी विज्ञानकथेचे अग्रगण्य लेखक होते.

ही सांगड योगायोगाची असली तरी वाङ्मयाच्या अभ्यासकाने तिच्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. विज्ञानकथेत ज्या किरणाने शत्रूची भस्मे होतात, तो किरण एका अगदी वेगळ्या कामासाठी मराठवाड्याच्या काळ्या मातीत उतरणार आहे. तेव्हा येथील महाविद्यालयांत विज्ञानकथा शिकविणाऱ्या अध्यापकाला विद्यार्थ्याकडून एक प्रश्न कधीतरी येणारच : कथेतले ते शस्त्र खरोखर शक्य आहे काय?

मराठी समीक्षेचे या प्रश्नावरचे नेहमीचे उत्तर पळवाटेचे आहे. कथेतील विज्ञानाचा भाग विज्ञानाच्या प्राध्यापकांनी पाहावा, पात्रे, निवेदन आणि भाषा एवढेच आपले क्षेत्र, अशी ही वाटणी आहे. तिचा परिणाम असा, की विज्ञानकथेवरील अनेक प्रबंधिका ‘विज्ञान आणि लालित्य यांचा सुरेख मेळ’ या एका वाक्यावर येऊन थांबतात. हा मेळ कोठे बसला आणि कोठे बिघडला, याची तपासणी होत नाही. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की ही वाटणीच चुकीची आहे. ऊर्जाशस्त्राच्या भौतिकीय शक्याशक्यतेचा प्रश्न हा मुळात कथानकाचा प्रश्न आहे, कारण तो किमतीचा प्रश्न आहे. शस्त्र चालविण्यासाठी कोणाला काय मोजावे लागते, हे ज्या कथेत ठरलेले नसते, त्या कथेत त्या शस्त्राच्या वापराला नैतिक वजनही येत नाही.

२

ऊर्जाशस्त्राची आधुनिक कल्पना एच. जी. वेल्स यांच्या १८९८ मधील ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ या कादंबरीपासून रूढ झाली. मंगळवासी आक्रमकांच्या हाती त्यांनी उष्णतेचा किरण दिला. थिओडोर मेमन यांनी पहिला लेसर १६ मे १९६० रोजी कार्यान्वित केला. म्हणजे वेल्स बासष्ट वर्षे आधी लिहीत होते. असे असूनही त्यांचा किरण नंतरच्या कित्येक चित्रपटांतील किरणांपेक्षा भौतिकीला अधिक जवळचा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. त्याचा परिणाम तेवढा दिसतो. तो परवलयाकार आरशाने एका दिशेत नेलेला आहे. निर्वात अवकाशातून जाणारा किरण बाजूने पाहणाऱ्याला दिसूच शकत नाही, कारण त्याच्या डोळ्याकडे प्रकाश वळवायला वाटेत काही नसते. आणि तेथे आवाजही पोहोचत नाही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’पासून पडद्यावर जे रंगीत, आवाज करणारे आणि नायकाला चुकविता येतील इतके संथ प्रकाशाचे तुकडे दिसू लागले, ते प्रकाशाचे नव्हेत. प्रकाश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो. त्याचा वार दिसतो तेव्हा तो लागलेला असतो.

मराठी वाचकाच्या मनातील चित्र मात्र केवळ हॉलिवूडने घडविलेले नाही. १९८७ ते १९९० या काळात दूरदर्शनवर ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ या मालिका पाहिलेल्या पिढीने आकाशात दोन बाण समोरासमोर येऊन तेजाचा लोळ उठताना पाहिला. आग्नेयास्त्र, वारुणास्त्र आणि ब्रह्मास्त्र हे शब्द तर कीर्तनातून आणि पोथीतून आधीच घराघरांत पोचले होते. त्यामुळे मराठी विज्ञानकथेत लेसरचे शस्त्र येते तेव्हा वाचक त्याला नकळत अस्त्राच्या जागी बसवितो. हे अपरिहार्य आहे आणि त्यात गैर काही नाही. मात्र अस्त्राच्या जागी बसणाऱ्या शस्त्राने अस्त्राच्या अटीही पाळावयास हव्यात, आणि नेमके तेथेच बहुतेक कथा उण्या पडतात.

३

प्रथम हिशेब पाहू. एका माणसाची ‘क्षणात वाफ झाली’ असे वाक्य विज्ञानकथेत सहज येते. साठ किलो वजनाच्या प्रौढ देहात ढोबळमानाने छत्तीस किलो पाणी असते. एक किलो पाणी देहाच्या तापमानापासून उकळीला आणून त्याची वाफ करावयास सुमारे २५ लाख ज्यूल ऊर्जा लागते. छत्तीस किलोंना ती नऊ कोटी ज्यूल होते. हा आकडा भयंकर वाटतो. पण वीजबिलाच्या भाषेत तो अवघा २५ युनिटांचा आहे. एखादे बेताचे कुटुंब काही दिवसांत एवढी वीज वापरते. तेव्हा अडचण ऊर्जेच्या प्रमाणाची नाही. ती एका सेकंदात पोचविण्याची आहे. नऊ कोटी ज्यूल एका सेकंदात म्हणजे नव्वद मेगावॅट. शस्त्राची कार्यक्षमता एक तृतीयांश मानली, आणि ती उदारपणेच मानली आहे, तर त्याला २७० मेगावॅट पुरवावे लागतील. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रातील एका संचाची क्षमता २५० मेगावॅट आहे. नायकाच्या कमरपट्ट्याला लटकणाऱ्या पिस्तुलात परळीचा एक पूर्ण संच मावला पाहिजे, आणि तोही थोडा अपुराच पडणार.

ऊर्जा साठवून ठेवावी म्हटले तर आजच्या चांगल्या लिथियम बॅटरीच्या हिशेबाने प्रत्येक वारामागे सुमारे तीनशे किलो वजन वाहावे लागेल. याहून महत्त्वाची बाब वेगळीच आहे. एक तृतीयांश ऊर्जा शत्रूकडे गेली, तर दोन तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने शस्त्रातच उरली. ती अठरा कोटी ज्यूल होते. तेवढ्या उष्णतेत शंभर किलोहून अधिक लोखंड वितळेल. म्हणजे ज्याच्यावर वार झाला तो जळण्याआधी ज्याने वार केला त्याचा हात जळेल. भस्मासुराची कथा सांगणाऱ्याला उष्मागतिकी ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण दुसऱ्याला जाळण्याचे सामर्थ्य ज्याच्या हाती येते त्याच्या डोक्यापासून ते फार दूर नसते, एवढे त्याने ओळखले होते.

झालेल्या वाफेचाही हिशेब आहे. छत्तीस किलो पाण्याची वाफ सुमारे साठ घनमीटर जागा व्यापते. पाच मीटर लांब, चार मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोली तिने भरून जाईल. त्या खोलीत उभा असलेला नायक नुसता पुढचे वाक्य बोलू शकणार नाही. तोही भाजून निघेल. कथाकाराने लिहिलेला मृत्यू स्वच्छ आणि अवशेषरहित आहे. भौतिकी त्याला तो तसा राहू देत नाही.

अंतराचा हिशेब आणखी कठोर आहे. कोणताही किरण पूर्णपणे समांतर राहत नाही. विवर्तनामुळे तो पसरतोच. एक मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश एक मीटर व्यासाच्या निर्दोष आरशाने चंद्राकडे पाठविला, तर तेथे पोचेपर्यंत त्याचा झोत जवळजवळ एक किलोमीटर रुंद होतो. एक मेगावॅटचा लेसर असा सोडला तर चंद्रावरील प्रत्येक चौरस मीटरला दीड वॅटही मिळत नाहीत. मराठवाड्यातील चैत्राची दुपार त्याच्या शेकडो पट प्रखर असते. १९६९ मध्ये अपोलो-११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांकडे शास्त्रज्ञ लेसरचे स्पंद पाठवीत आले आहेत. परत येणारा प्रकाश इतका क्षीण असतो की त्यातील प्रकाशकण एकेक करून मोजावे लागतात. ग्रहाग्रहांमधील युद्धात वापरला जाणारा किरण, म्हणजे, पोचेल. पण पोचताना तो शस्त्र राहिलेला नसेल.

४

येथे महाभारताकडे वळणे आवश्यक आहे, कारण किमतीचा विचार त्या ग्रंथात काटेकोर आहे. कर्णाला इंद्राकडून मिळालेली शक्ती एकदाच वापरता येणारी होती आणि तिच्यासाठी त्याने कवचकुंडले दिली होती. ती त्याने अर्जुनासाठी राखली आणि घटोत्कचावर खर्च केली. त्या एका खर्चाने युद्धाचा तोल बदलला. परशुरामाच्या शापामुळे त्याची विद्या त्याला ऐन वेळी आठवली नाही. सौप्तिकपर्वात अश्वत्थामा आणि अर्जुन दोघेही अस्त्र सोडतात. अर्जुनाला ते आवरता येते, अश्वत्थाम्याला येत नाही, आणि ते उत्तरेच्या गर्भावर जाते. संयम आणि असंयम यांतील फरक व्यासांनी स्वभाववर्णनाने सांगितलेला नाही. तो अस्त्राच्या नियमातून दाखविला आहे.

शाप, वर, मंत्र, एकवारपणा, परत घेण्याची क्षमता किंवा अक्षमता, या सगळ्या त्या कथेतील मर्यादा आहेत. मर्यादा आहे म्हणून निवड आहे, निवड आहे म्हणून चूक आहे, आणि चूक आहे म्हणून शोकात्मता आहे. विज्ञानकथेत हेच कार्य ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम, उष्णतेचा निचरा आणि किरणाचा पसारा यांना करता येते. ऊर्जा कोठून आणली, या प्रश्नात कर्णाची कवचकुंडले दडलेली आहेत. उष्णता कोठे जाईल, या प्रश्नात भस्मासुर दडलेला आहे. जो लेखक हे प्रश्न कंटाळवाणा तपशील म्हणून टाकून देतो, तो प्रत्यक्षात आपल्या कथेतील शाप आणि वर टाकून देत असतो. मग पुराणकथेला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणारी विज्ञानकथा हिशेबाच्या बाबतीत पुराणकथेहून सैल ठरते, हा विपर्यास निर्माण होतो.

५

प्रत्यक्षातील ऊर्जाशस्त्रांचा इतिहासही हेच सांगतो. २३ मार्च १९८३ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी अंतराळातून क्षेपणास्त्रे रोखण्याची योजना जाहीर केली. वृत्तपत्रांनी तिला चित्रपटाचेच नाव दिले. १९८७ मध्ये अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या अभ्यासगटाने अहवाल दिला, की असे शस्त्र शक्य आहे की नाही हे नीट ठरविण्यापुरते ज्ञान मिळविण्यासही दहा किंवा अधिक वर्षांचे संशोधन लागेल. पुढे मेगावॅट श्रेणीचा एक रासायनिक लेसर बोइंग ७४७ विमानात बसविण्यात आला. त्यासाठी अख्खे विमान लागले. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याने चाचणीत क्षेपणास्त्र पाडले आणि २०११ मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. २०१४ मध्ये अमेरिकी नौदलाने ‘पॉन्स’ या जहाजावर ३० किलोवॅटचा लेसर बसविला. भारताच्या संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेने १३ एप्रिल २०२५ रोजी कर्नूल येथे ३० किलोवॅटच्या लेसर शस्त्राचे प्रात्यक्षिक केले आणि वैमानिकरहित विमान व ड्रोन निकामी करून दाखविले.

ही शस्त्रे खरी आहेत. पण ती कोणाची वाफ करीत नाहीत. ती लहान, जवळच्या लक्ष्यावर काही काळ स्थिर राहून त्याचा एखादा नाजूक भाग तापवितात. धूळ, धुके आणि पाऊस हे त्यांचे शत्रू आहेत. मृगाच्या पहिल्या सरीत त्यांची धार बोथट होते. आणि माणसाच्या बाबतीत त्यांचा सर्वांत मोठा धोका कोणता, हे १९९५ मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय शिष्टाचारावरून कळते. कायमचे अंधत्व आणण्यासाठी बनविलेल्या लेसर शस्त्रांवर त्याने बंदी घातली. माणसाला भस्म करण्याला प्रचंड ऊर्जा लागते. त्याची दृष्टी घेण्याला अत्यल्प पुरते. खऱ्या किरणशस्त्रातील क्रौर्य हे आहे, आणि ते दृश्य भस्माच्या दृश्याइतके आकर्षक नाही. ज्या कथाकाराने भौतिकी तपासली असेल, त्याला भस्माऐवजी आंधळ्या सैनिकांची रांग दिसेल. तेथे विज्ञान अचूक होईल आणि त्याच क्षणी करुणाही कथेत येईल. शक्याशक्यतेचा विचार कल्पनेला बांधून टाकतो, हा आक्षेप या एका उदाहरणाने निकालात निघावा.

६

आता पुन्हा दुधाळ्याकडे. समजा, एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने कथा लिहिली, की काही दुष्ट माणसे वेधशाळेतील किरण बाहेर वळवितात आणि हिंगोली शहर पेटविण्याची धमकी देतात. कथेला वरवर आधार आहे. अशा वेधशाळेच्या आराखड्यात दोन आरशांच्या मध्ये खेळणाऱ्या प्रकाशाची शक्ती ७५० किलोवॅट धरलेली असते. म्हणजे कर्नूलच्या शस्त्राच्या पंचवीस पट. पण त्या यंत्रात बाहेरून शिरणारा प्रकाश केवळ १२५ वॅटच्या आसपास असतो. तोच प्रकाश आरशांमध्ये शेकडो वेळा येरझारा घालतो म्हणून आतील शक्ती एवढी वाढते. एका भुजेत कोणत्याही क्षणी साठलेली ऊर्जा मोजली तर ती अवघी वीस ज्यूल भरते. एक किलो साखरेची पुडी दोन मीटर उचलून फळीवर ठेवण्यास तेवढी ऊर्जा लागते. किरण बाहेर वळविता क्षणी ती संपून जाईल आणि हिंगोलीतील एक काडीही पेटणार नाही.

हा प्रकाश आरशाला जाळत नाही, कारण चाळीस किलो वजनाचा तो काचेचा आरसा आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा दहा लाखांतील एक अंशही शोषून घेत नाही. तो त्याला ढकलतो मात्र. साडेसात लाख वॅटचा प्रकाश आरशावर जो दाब देतो तो अर्ध्या ग्रॅम वजनाइतका असतो. किरण लागताच माणूस दहा हात मागे फेकला जातो, हे दृश्य त्यामुळे कायमचे रद्द होते. पण वेधशाळेत त्या अर्ध्या ग्रॅमाचाही हिशेब ठेवावा लागतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांनी जी पहिली गुरुत्वीय लहर नोंदविली, तिच्या उगमाशी सूर्याच्या तिप्पट वस्तुमान ऊर्जेत रूपांतरित झाले होते. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांचे अंतर ओलांडून आल्यावर तिने चार किलोमीटर लांबीत घडविलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहून कितीतरी लहान होता. विश्वातील एवढ्या मोठ्या स्फोटाची किंमतही अंतराने अशी वसूल करून घेतली.

मग त्या विद्यार्थ्याची कथा टाकाऊ ठरते काय? तसे नाही. तिचा विषय चुकला आहे, एवढेच. त्या कथेतील नाट्य किरणात नसून किरणाविषयीच्या भयात आहे. दुष्ट माणसांच्या हाती शस्त्र नाही आणि गावाला ते ठाऊक नाही. ज्याला वीस ज्यूलचा हिशेब कळतो असा एखादा शाळामास्तर त्या गावात कल्पिला, आणि त्याचे कोणी ऐकत नाही असे दाखविले, की अफवा, अधिकार आणि ज्ञान यांचा त्रिकोण उभा राहतो. भौतिकीने एक कथा खोडली आणि तिच्या जागी अधिक चांगली कथा दिली.

७

या विवेचनावर एक आक्षेप अपेक्षित आहे. साहित्याला वास्तवाच्या मापाने मोजू नये. अशक्य पण संभाव्य वाटणारे हे शक्य पण असंभाव्य वाटणाऱ्यापेक्षा काव्यात श्रेयस्कर, असे ॲरिस्टॉटलनेच सांगितले आहे. आक्षेप रास्त आहे आणि तो या मताच्या विरुद्ध जात नाही. विज्ञानकथेला एक अशक्य गृहीत माफ आहे. मंगळवासी आले, हे वेल्स यांना माफ आहे. परंतु गृहीतानंतर पुढचे सर्व त्या गृहीताच्या नियमाने चालले पाहिजे. क्षेमेंद्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा औचित्याचा प्रश्न आहे, आणि औचित्यभंगाने जो रसभंग होतो तो विज्ञानकथेलाही चुकत नाही. विज्ञानकथेतील विज्ञान ज्ञात विज्ञानाशी सुसंगत असावे, असा आग्रह नारळीकर धरीत आले. त्याकडे शास्त्रज्ञाचा काटेकोरपणा म्हणून पाहिले जाते; वस्तुतः तो वाङ्मयीन आग्रह होता. याउलट, केवळ हिशेब बरोबर आला म्हणून कथा साधत नाही, हेही तितकेच खरे. आकड्यांनी कथा उभी राहत नाही. आकडे चुकल्याने मात्र ती खचते.

यासाठी मराठीच्या अध्यापकाने भौतिकीचा पदवीधर होण्याची गरज नाही. ऊर्जा कोठून आली, उष्णता कोठे गेली, किरण किती पसरला आणि वाटेत धूळ-पाऊस आला तर काय झाले, हे चार प्रश्न कोणत्याही कथेला विचारता येतील. लगतच्या विभागातील सहकाऱ्याकडून त्यांची उत्तरे तासाभरात मिळतील. त्यानंतरचा पाचवा प्रश्न मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकालाच विचारावा लागेल : ही किंमत कथेत कोणी मोजली? स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातील महाविद्यालयांना तर हा प्रश्न विचारण्याची विशेष संधी आहे. वेधशाळा पूर्ण होण्याचे उद्दिष्ट २०३० च्या सुमाराचे सांगण्यात आले आहे. तोपर्यंत विज्ञानकथेचे अध्यापन ‘सुरेख मेळ’ या वाक्यापलीकडे जावयास हवे.

ज्योतिर्लिंगाच्या कथेत ब्रह्मा आणि विष्णू तेजाच्या स्तंभाचा अंत शोधावयास निघाले आणि दोघांनाही तो सापडला नाही. ते तेज कोणाला जाळण्यासाठी प्रकटले नव्हते. ते मापनापलीकडचे होते. त्याच नागनाथाच्या तालुक्यात आता असा किरण येणार आहे, की जो जगाला हादरविणार नाही, उलट जवळून गेलेल्या वाहनानेही ज्याच्या मोजमापात विक्षेप येऊ शकेल. तेज म्हणजे संहार, हे समीकरण मराठी विज्ञानकथेने अस्त्रांकडून उचलले. अस्त्रांच्या अटी मात्र तिने मागेच ठेवल्या. त्या अटी परत मागण्याचे काम समीक्षेचे आहे.